काळ्यावर पिवळं

"त्रिवेणी, दर महिन्याला नवी थीम! भारी शौक आहे तुझा," शेजारच्या टेबलावरून गौतम चिडवायचा. आधी तिची स्क्रीन निळी होती, मग गडद जांभळी, आणि आता काळ्यावर पिवळी अक्षरं, तीही बोटभर मोठी.

"हौस माझी," म्हणून ती हसण्यावारी न्यायची.

आज साहेब गरजले, "कल हेड ऑफिसवाले आ रैं. सबकी स्क्रीन पे कंपनीकीच सफेद थीम होना!"

त्रिवेणी घाईघाईने म्हणाली, "जेवून आल्यावर करते, सर."

"थांब, मीच करतो," म्हणत गौतमने वाकून थीम बदलली. "बघ, किती स्वच्छ दिसतंय! आता साहेबांना मार्चची फाइल उघडून दाखव."

तिने माउस घट्ट धरला. समोर नुसता पांढरा उजेड होता; त्यात एकही अक्षर तिला दिसत नव्हतं.