वारा खड्ड्याकडून

"आधी वारा कुठून आहे ते सांग, टॅकेट. मग खुशाल शिंक."

इराकमधल्या तळावर सार्जंट ओपल रेनफ्रो रोज संध्याकाळी औषधांच्या तंबूपाशी वही उघडून बसायची आणि येणाऱ्या प्रत्येकाला हेच म्हणायची. एकदा वेंडल टॅकेटनं गमतीनं विचारलं होतं, "आणि तुमच्या शिंका कोण लिहिणार, सार्जंट?"

"आपली नोंद आपल्या हातानं करायची नसते," मान वर न करता ती म्हणाली होती. "माझी तू कर."

"करतो, सार्जंट."

त्याला आता बारा वर्षं झाली. केंटकीतल्या आपल्या गावी, ग्रंथालयामागच्या खोलीत, वेंडल रुमाल नाकाशी धरून बसला होता. समोर मिस मार्वा, गावात सगळे तिला असंच म्हणायचे. माजी सैनिकांचे भरपाईचे अर्ज ती विनामोबदला भरून द्यायची. वेंडलचा अर्ज दोनदा परत आला होता. या डोंगरात परागांमुळे सगळ्यांचीच नाकं वाहतात, माजी सैनिकांच्या खात्याचं म्हणणं. तिथल्या धुरानंच हे झालं याला पुरावा काय? नोकरीत असताना तुम्ही एकदाही डॉक्टरकडे गेला नाहीत.

"का रे गेला नाहीस?"

"वाहत्या नाकासाठी डॉक्टरकडे जाणाऱ्याला पलटणीत काय म्हणतात, ते तुमच्यासमोर सांगता यायचं नाही."

"माझा नवरा नौदलात होता, वेंडल. मला सगळे शब्द येतात."

तो हसला आणि हसता हसता पाच वेळा शिंकला. साथीदाराची साक्ष चालते असं मार्वानं सांगितलं, म्हणून त्यानं सार्जंटला पत्र टाकलं होतं. उत्तरादाखल आज सकाळी एक जाडजूड पाकीट आलं होतं. त्यातून हिरव्या पुठ्ठ्याची वही निघाली. आणि एक चिठ्ठी.

मार्वानं वही उघडली. एका दिवसाला एक पान. वर तारीख, खाली वारा, मग नावं.

'वारा खड्ड्याकडून. टॅकेट, अकरा. ब्रॅनम, सात, रक्त. ओसोरिओ, रात्रभर खोकला.'

खड्डा म्हणजे कचऱ्याचा. तळावरचं सगळं त्यात जळायचं. टायर, औषधं, रंगाचे डबे, रात्रंदिवस.

मार्वा पानं उलटत गेली. नाताळ. वारा खड्ड्याकडून. ईस्टर. वारा खड्ड्याकडून. एका पानावर अक्षर वेडंवाकडं झालं होतं. 'आज तोफगोळे पडले. वारा खड्ड्याकडून. टॅकेट, चार.'

"त्या दिवशी औषधांचा तंबू उडाला," वेंडल म्हणाला. "आम्ही चर खणून आत पडलो होतो. तिनं चरातच आमची हजेरी घेतली."

शेवटचं पान आलं. मार्वानं चष्मा काढून वहीवर ठेवला, मग काहीतरी चुकल्यासारखा उचलून बाजूला ठेवला.

"तेरा महिने," ती हळूच म्हणाली. "चाळीस वर्षं झाली, मी रोज पहाटे प्रार्थनेला बसते. मुलं तापली, खाडा झाला. नवरा गेला त्या आठवड्यात तर देवाशी बोललेसुद्धा नाही. आणि या पोरीचा एकही दिवस रिकामा नाही."

बाहेर कुणीतरी पुस्तकांची गाडी ढकलत नेत होतं. तिचं एक चाक कुरकुरत होतं.

"आता तुझं काम होईल," मार्वा म्हणाली. "चिठ्ठी वाच तरी."

वेंडलनं वाचली. 'टॅकेट, वही घे. माझाही अर्ज परत आला. या वहीत तुमचं नाव कुठेच नाही, असं खात्यानं कळवलं. खरंच आहे ते. तुझं झालं की ब्रॅनमला पाठव. ओ. रेनफ्रो.'

त्यानं चिठ्ठी पुन्हा वाचली. रुमाल खाली ठेवला.

"एकदा तरी स्वतःचं लिहायचं होतं बाईनं," मार्वा कळवळून म्हणाली. "आणि बघ ना, एवढी जपलेली वही, पण पावसात भिजलेली दिसते. पानापानावर शाई फुटलीय."

वेंडलनं वही स्वतःकडे ओढली. खरंच, प्रत्येक पानावर दोन-चार गोल डाग होते. वाटाण्याएवढे. त्यांच्या आत शाई फिकट निळी होऊन पसरली होती.

त्यानं चार-पाच पानं उलटून पाहिली.

"तिथे पाऊस रोज थोडाच पडायचा, मिस मार्वा," तो म्हणाला. "ती आमची नावं लिहायला खाली वाकायची ना, तेव्हा..." त्यानं आपल्या नाकाला बोट लावलं. "एका हातात वही, एका हातात पेन. पुसणार कशानं?"

मार्वानं वहीवर ठेवलेला हात अलगद उचलला. देवळात चुकून वेदीला हात लागावा, तसा.

"साक्षीचा आणखी एक कागद द्या," वेंडल म्हणाला.

"तुझ्यासाठी लागणार नाही आता."

"माझ्यासाठी नकोय."

तो खिडकीशी जाऊन बसला. आधी स्वतःचं नाव लिहिलं, पलटण लिहिली, आपण हे डोळ्यांनी पाहिलं असं लिहिलं. मग वहीचं पहिलं पान उघडून उजेडाकडे तिरपं धरलं आणि पेनाच्या टोकानं, न टेकवता, डाग मोजले.

'वारा खड्ड्याकडून,' त्यानं लिहिलं. 'रेनफ्रो, तीन.'

आणि पान उलटलं.