विरतदादांची यादी

विरतदादांनी पुन्हा पडद्यावर बोट ठेवलं. "सोमवारीच काढली मी ही ओळ. बघा ना, दार बंद आहे."

"तुमच्याकडचं बंद आहे हो," सुनीसाबाई म्हणाल्या. "पण आज सकाळी इस्पितळवाल्यांनी नेमलेला तपासनीस बाहेरून सरळ आत शिरला. तीन इस्पितळं तपासली, तिन्हींत. ज्या दुरुस्तीवाल्या कंपनीला आपण नारळ दिला, तिच्याच वाटेने."

"अशी वाट माझ्याशिवाय कुणाच्या फाइलीत नाहीच."

"मग तो काय उडत गेला?"

कुणी हसलं नाही. टेबलावर चिकट भाताच्या टोपल्या तशाच झाकलेल्या होत्या. सुनीसाबाई इथल्या साहेब; त्या जेवत नाहीत तोवर कुणी जेवायचं नाही, आणि बाईंचं जेवणाकडे लक्ष नव्हतं.

थायलंडमधल्या खोन केनच्या या कचेरीत इस्पितळांचे सर्व्हर कुणी हाताने जोडत नाही. कोणतं यंत्र हवं, कुठून कुठे वाट, आत कुणाला सोडायचं, हे फाइलीत लिहायचं आणि फाइल चालवायची, की दूर कुठेतरी ते सगळं उभं राहतं. प्रत्येक इस्पितळाची वेगळी फाइल, आणि ती कुणा एकाकडे. आत कुणाला सोडायचं याची यादी विरतदादांनी आपल्या फाइलीत लिहिली होती, आणि दादांचं काम म्हणजे बघत राहावं असं. यादीच्या आधी 'एक्सपोर्ट' एवढा एकच शब्द असता, तर इतरांच्या फाइलींना ती तिथून घेता आली असती. एका ठिकाणी बदललं की सगळीकडे बदललं असतं. पण तो शब्द दादांनी लिहिला नव्हता.

"चार वाजता इस्पितळवाल्यांचा फोन येणार," सुनीसाबाई म्हणाल्या. "काम न करताच झालं म्हणून कळवणारा माणूस आम्हाला नको, असं लिहिलंय त्यांनी. मी काय सांगू?"

दादा पडद्याकडे बघत राहिले. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्यावर अशी वेळ आली नव्हती. "वय झालं असेल माझं," ते हळूच म्हणाले. "सुटलं असेल काहीतरी."

टेबलाच्या टोकाला केत बसली होती. त्या तिन्ही इस्पितळांच्या फाइली तिच्याकडेच होत्या.

दोन वर्षांपूर्वी तिलाही ती यादी हवी होती. पण मागायची म्हणजे थोरल्या माणसाला सांगायचं, तुमच्या फाइलीत अमुक शब्द घाला. तिची जीभ रेटली नाही. आपणच घालावा, तर त्यांच्या फाइलीला हात लागणार. जिथे थोरांच्या डोक्यावरून नुसता हात न्यायचा तरी आधी माफी मागतात, तिथे ही हिंमत कोण करणार? मग तिने यादी गुपचूप उचलली, आपल्या तीन फाइलींत डकवली, आणि दादांना कळू नये म्हणून नाव तेवढं बदललं. याला ती मान राखणं म्हणत होती. आता दादांनी आपल्या वयाला दोष दिला तेव्हा तिला स्वतःची लाज वाटली.

"यादी माझ्याकडेही आहे," ती म्हणाली.

सगळ्यांच्या माना वळल्या.

"दादांची. मी चोरली. तिन्ही फाइलींत आहे. त्यांनी सोमवारी ओळ काढली ती त्यांच्या यादीतून. माझ्या याद्यांत ती अजून आहे."

"अगं, मग मागायचीस!" सुनीसाबाई ओरडल्या.

"कशी मागणार?"

केतने त्या कंपनीचा पत्ता टाकून सगळ्या फाइली शोधल्या. दादांच्या फाइलीत तो नव्हता, पण इतर बारा जागी सापडला. तीन तिच्या. बाकीच्या कुणाच्या, ते विचारायची गरज पडली नाही; जो तो आपल्या चहाच्या पेल्यात डोकावत होता. एक फाइल तर सुनीसाबाईंची, त्या साहेब होण्याआधीच्या काळातली निघाली.

"मी थोडीशीच घेतली होती," बाई पुटपुटल्या.

दादांनी बारा ओळी एकेक करून वाचल्या. ते रागावतील म्हणून केत अंग चोरून बसली. पण ते वेगळ्याच आवाजात म्हणाले, "म्हणजे तुम्ही सगळे वापरत होता?"

"हो दादा."

"आणि मी वाट बघत होतो. कुणी विचारलं की लिहीन तो शब्द, म्हटलं. महिने गेले. मग वाटलं, कुणाच्या कामाचंच नसेल. उगाच कशाला पुढं पुढं करा?"

मग दादांनी यादीच्या आधी तो शब्द लिहिला. एकेकाने आपली यादी पुसली आणि तिथे दादांची आणून जोडली. अर्धा तास लागला. तपासनिसाने पुन्हा धडका मारून पाहिल्या. कुठलंच दार उघडलं नाही.

चारला दहा मिनिटं कमी होती. सुनीसाबाईंनी कागद पुढे ओढला. "दारं लागली, पण चूक कुणाची, हे विचारणारच ते. काय लिहू?"

"माझं नाव लिहा," दादा म्हणाले. "यादी माझी. शब्दही मीच लिहिला नव्हता. या पोरांची नावं कशाला..."

"नाही, दादा."

केतने आयुष्यात पहिल्यांदा थोरल्या माणसाचं बोलणं मध्येच तोडलं होतं. तिचे हात आपोआप जोडले गेले, मान खाली गेली. तिने माफी मागितली आणि तशाच जोडल्या हातांनी आपलं नाव सांगितलं, कागदावर लिहायला सोपं जावं म्हणून एकेक अक्षर सुटं करून.