समोरून न दिसणारा रॅम्प

पडद्यावरचा खटका दाबला की रॅम्प नाहीसा व्हायचा. पुन्हा दाबला की परत यायचा. सकाळपासून तिने हे दहा-बारा वेळा तरी केलं होतं.

पडद्यावर घराचं एलेव्हेशन होतं, म्हणजे घर अगदी समोरून पाहिलं तर जसं दिसेल तसं चित्र. तीन पायऱ्या, दार, दोन खिडक्या. आणि पायऱ्यांच्या डावीकडे जमिनीपासून जोत्यापर्यंत चढत गेलेली एक तिरकी रेघ, तिच्यावर कठडा. चाकाची खुर्ची वर नेण्यासाठी.

रॅम्प मास्तरांनी मागितला होता. भूमिती शिकवून निवृत्त झालेले, म्हणून आर्किटेक्टच्या या ऑफिसात सगळे त्यांना मास्तरच म्हणत. न्हाणीघराचं दार रुंद हवं, भिंतीला धरायला दांडे हवेत, हेही त्यांनीच सांगितलं. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "एक विनंती आहे. हिला जे चित्र दाखवाल त्यात रॅम्प नको."

"काकूंना?"

"प्लॅनमध्ये ती डोकं घालत नाही. घर समोरून कसं दिसतं तेवढंच बघेल. तुमच्याकडे लपवायची सोय असते ना?"

"असते. वस्तू जागेवरच राहते. फक्त त्या एका चित्रात दिसत नाही."

"संसारातही अशी सोय हवी होती." ते हसले. "तिला इतक्यात कळायला नको, एवढंच."

टीप लिहायला तिने वही पुढे केली, तर त्यांनी ती परत सरकवली. "तुम्हीच लिहा. माझं अक्षर हल्ली मलाच लागत नाही."

काकूंना काय झालंय, हे तिने विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

काम तसं सोपं होतं. पण रॅम्प गेला तरी कठड्याची सावली भिंतीवर तशीच राहिली. वस्तू नाही आणि सावली आहे. ती वेगळी बंद करावी लागली. मग जोतं उघडं पडलं, म्हणून तिथे झुडपं लावली. आता कुणाला काही कळलं नसतं, आणि नेमकं तेच तिला स्वस्थ बसू देत नव्हतं. समोरचा चहा कधीच गार झाला होता.

"इतक्या वेळात खरा रॅम्प बांधून झाला असता," शेजारच्या टेबलावरचा इंजिनियर म्हणाला.

"ज्या बाईसाठी रॅम्प, तिलाच दाखवायचा नाही. पटतं तुला?"

"मला पगार पटतो. लपव म्हणाले ना, लपव. दुसऱ्याच्या घरात आपण कशाला नाक खुपसायचं?"

ती परत पडद्याकडे वळली. तिच्या आईलाही आजाराचं कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांनी मिळून 'अशक्तपणा आहे' असं ठरवलं होतं, आणि त्या सगळ्यांत ती स्वतः होती. आईने शेवटी गोळ्यांच्या पाकिटावरून ओळखलं. त्यानंतरचे दोन आठवडे आई घरात कुणाशी धड बोलली नव्हती.

अकराला काकू आल्या. लिफ्ट बंद होती. तीन मजले चढूनही त्यांना धाप लागली नव्हती. ती त्यांच्या पायांकडे बघत राहिली.

"बरं झालं ह्यांना आणलं नाही," पिशवी टेबलावर ठेवत काकू म्हणाल्या. "प्रत्येक जिन्यावर थांबून कोन मोजत बसले असते. बघू आमचं घर."

तिने पडदा त्यांच्याकडे वळवला.

"अगंबाई, छान दिसतंय की. झुडपंसुद्धा लावलीत. आता सही कुठे करायची?"

एका सहीने सगळं मिटलं असतं. तिने पेन उचललं आणि परत ठेवलं.

"काकू, सही करण्याआधी एक बघा."

तिने आधी झुडपं बंद केली, मग खटका दाबला. तिरकी रेघ आली, कठडा आला, भिंतीवर त्याची सावली आली. इंजिनियरने मान वर केली आणि लगेच खाली घातली.

"हे काय?"

"रॅम्प. चाकाच्या खुर्चीसाठी. घरात आहेच तो, मी फक्त चित्रात लपवला होता. तुम्हाला कळू देऊ नका, असं मास्तर म्हणाले होते. मला ते जमलं नाही. तुमच्या तब्येतीची गोष्ट तुम्हालाच माहीत नसावी, हे बरोबर नाही."

"माझ्या?" काकूंनी तिच्याकडे पाहिलं. "मला काय धाड भरलीय?"

"मग रॅम्प..."

"त्यांनी सांगितला? स्वतःहून?"

"हो. गेल्या मंगळवारी."

काकू हळूच खुर्चीत बसल्या. पडद्यावरच्या तिरक्या रेघेवरून त्यांनी बोट फिरवलं.

"तीन महिने ह्यांचा रिपोर्ट पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवलाय मी. डॉक्टरांसमोर हात जोडले, ह्यांना सांगू नका म्हणून. रोज हसतेय त्यांच्यासमोर." त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. "म्हणजे ह्यांना सगळं माहीत आहे."