कोर्टासाठी पत्र

समर्थने तेजस्वीशी जातीबाहेर लग्न केलं, म्हणून तिच्या भावांनी त्याच्या बापाची होडी जाळली. दोघं जीव मुठीत धरून परदेशात गेली आणि तिथे आश्रय मागू लागली. त्यांची केस फुकट लढणाऱ्या वकीलबाईंना आता घरचा पुरावा हवा होता.

"बाबा, तुमच्या हातचा पत्र होया," समर्थ फोनवर म्हणाला. "आमी परत इलंव तर काय होतला, ता सगळा लिवा."

गुरुदासने तारकर्लीच्या घरी पडवीत बसून, कचेरीला लिहावं तशा शुद्ध मराठीत दोन पानं लिहिली. जळलेली होडी, दारात आलेले कोयते, सगळं. 'मुलगा परत आल्यास जिवंत राहणार नाही' हे लिहिताना त्याने दोनदा पेन खाली ठेवलं. मग, समर्थ मुंबईला होता तेव्हापासून गुरुदास त्याला धाडलेल्या प्रत्येक पत्राखाली लिहायचा ती ओळ सवयीने लिहून पाकीट बंद केलं.

चार महिन्यांनी समर्थचा फोन आला; गुरुदासने तो स्पीकरवर ठेवला. "अर्ज फेटाळल्यानी, बाबा. न्यायाधीश म्हणता, एवढो धोको आसतो तर बापाशीन शेवटाक तसा लिवल्यान नसता."

यशोदाने नवऱ्याकडे पाहिलं. "काय लिवलात तुमी शेवटाक?"

"दर पत्रात लिवतंय ताच," गुरुदास म्हणाला. "गणपतीक येवक चुकू नको."



"दोघांकय परत धाडतत, बाबा," समर्थ म्हणाला. "गणेश चवथीच्या आदल्या दिसाक पोचतलंव."