सलाईनची बाटली

मेडिकल कॉलेजातल्या प्राध्यापकाच्या जागेसाठी मुलाखत देऊन डॉ. सोळंके बाहेरच्या बाकावर टेकले. उजवा खांदा नुसता ठणकत होता. ताडकळसचा दवाखाना बंद पडला नसता, तर या वयात उमेदवार होऊन कुणापुढं जायची वेळच आली नसती.

"काय विचारलं, सर?" शेजारी नंबराची वाट बघत बसलेल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"विचारलं कुठं काय! मुलाखत घेणाऱ्या त्या सुकेशनी मॅडमनी सलाईनची भरलेली बाटली हातात दिली. म्हणल्या, मी तुमची फाईल वाचते, तोवर वर धरून उभे राहा. वीस मिनिटं वाचायलत्या!"

"आणि तुम्ही धरली?"

"नोकरी पाहिजे ना, बाई. शेवटी म्हणलं, मॅडम, कोपऱ्यात स्टँड हाय की, त्याला अडकवू का? तर म्हणल्या, 'स्टँड आतल्या पेशंटसाठी असतं. पायरीवरच्यांनी हातात...'"

डॉक्टर बोलता बोलता थांबले. हे वाक्य त्यांचंच होतं. कित्येक वर्षांपूर्वी ताडकळसच्या दवाखान्यात एका मजुराला पायरीवरच निजवून सलाईन लावली होती, तेव्हा त्याच्या आठ-नऊ वर्षांच्या पोरीला त्यांनी ते सुनावलं होतं. बाटली सरेपर्यंत, भर उन्हात, ती हात वर करून उभी होती. तिचं नाव विचारायची त्यांना तेव्हा गरज वाटली नव्हती.

दार उघडून शिपाई बाहेर आला.

"सोळंके सर, आत चला. तुमची बाटली अजून सरली न्हाई, म्हणत्यात मॅडम."