दीपाची कड

पालघरच्या सभागृहात ‘हात लावू नये’ अशी ठळक पाटी होती, तरी येणारा जो तो गोधडी चाचपून पाहत होता. “लांबून बघा हो, लांबून,” असं म्हणून म्हणून मैनाबाईंचा घसा बसला. एका बाईने तर लेकराचं नाक पुसायला गोधडीचं टोकच ओढलं. त्यात बोईसरच्या बुधवार मंडळातल्या बाकीच्या चहाला म्हणून गेल्या, त्या तिकडेच चिकटल्या. गोधडी सहाजणींची, राखण एकटीने करायची.

मैनाबाईंना हे नवीन नव्हतं. मासवणला मंडळातल्याच राजनंदिनीच्या शेतावर तीन दिवसांचं शिबिर झालं, तिथेही हात कमी आणि तोंडं जास्त चालली. थर लावून झाले, टाचून झाले, मग गोधडी एकेकीच्या घरी फिरली. कुणी ओळ चुकवली, कुणी हळद सांडली. सगळ्यात शेवटी ती मैनाबाईंकडे आली. लातूरकडच्या बाईचा हात तो. तांदळाच्या दाण्याएवढा टाका. त्यांनी डाग काढले, गाठी लपवल्या आणि डावीकडची, दीपाने शिवलेली कड पाहून कपाळाला हात लावला.

दोन वर्षांपूर्वी तारापूरच्या एका कारखान्यात प्रेसखाली दीपाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. तेव्हापासून ती डाव्या हाताने शिवते. टाका उलट्या अंगाला कललेला, कुठे गव्हाएवढा, कुठे शेंगदाण्याएवढा. मैनाबाईंनी एका दुपारी ती कड उसवली आणि पुन्हा शिवून टाकली. प्रदर्शनात जायचं तर नीट नको का जायला?

आणि झालंही तसंच. मघाशी परीक्षक बाई चष्मा कपाळावर चढवून अर्धा तास गोधडीपुढे उभ्या होत्या. “सहा हात म्हणता, पण टाका एकच! जोड कुठे कळतच नाही,” असं म्हणून त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. सकाळपासूनचा वैताग मैनाबाईंच्या चेहऱ्यावरून तेवढा एकदाच उतरला होता.

दुपारी दीपा आली. घिवलीहून दोन रिक्षा बदलून, नवी साडी नेसून, दहावीतल्या रूपलला घेऊन.

“बघ, या निळ्या तुकड्यापासून खालच्या टोकापर्यंत,” ती लेकीला म्हणाली. “ही सगळी माझी.”

रूपलने वाकून पाहिलं. “आई, तुझा टाका तर उलटा पडतो ना? हा सरळ हाय.”

“खुळी का काय तू!” दीपा हसली आणि पुढे झाली. तिने कडेवरून बोट फिरवलं. एकदा वरून खाली, मग पुन्हा खालून वर. मैनाबाईंना ‘हात लावू नको’ म्हणायला सुचलं नाही.

“मावशी,” दीपा वळून म्हणाली, “किती वेळ लागला?”

“कशाला?”

“उसवून शिवायला.”

मैनाबाईंनी घसा खाकरला. “एक दुपार. अगं, परीक्षक बारकाईनं बघत्यात, म्हणून...”

“मला अकरा दिवस लागले.”

एवढंच बोलून ती रूपलचा हात धरून भिंतीकडच्या खुर्चीत जाऊन बसली. रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर मैनाबाईंकडे उत्तरं होती. एकेक पाठ करून ठेवलेली.

आता त्यांना सगळ्यांचाच राग आला. चहाला गेलेल्यांचा, चष्मेवाल्या बाईचा, गप्प बसलेल्या दीपाचा. कुणावर काढावा कळेना. समोर त्यांची स्वतःची शिवण होती, तांदळाच्या दाण्यासारखी, दोरी धरून ओढल्यासारखी सरळ. दीपाच्या निळ्या तुकड्यावर ती अशी बसली होती, जणू दुसऱ्याच्या घरात पाय पसरून बसलेला पाहुणा.

मैनाबाईंनी दोरीवरून गोधडीचे चिमटे फटाफट काढले. गोधडी जमिनीवर पसरली, पिशवीतून कात्री घेतली, आणि त्या कडेला मांडी घालून बसल्या. पहिला टाका तुटला. लोक थांबून बघू लागले.

“बघताय काय? चला पुढं!”

दीपा धावत आली. “मावशी, आवं काय करता? नंबर जाईल!”

“जाऊ दे गेला तर. नंबर पांघरून झोपणारेय का कुणी?” मैनाबाईंनी मान वर केली नाही. “बस इथं. सुई घे.”

“इथं? एवढ्या माणसांत?”

“अकरा दिवस लागू देत. मी काही हलत नाही.”

दीपा उभीच राहिली. मग साडी सावरून शेजारी बसली. “पण तुमी मदी बोलायचं नाय. ओळ वाकडी गेली तरी नाय.”

“नाही बोलत, बाई.”

दीपाने दोऱ्याचं टोक तोंडात ओलं केलं. दोनदा चुकून तिसऱ्यांदा सुई ओवली आणि निळ्या तुकड्यावर डाव्या हाताने पहिला टाका घातला. तो उलटा पडला, आणि जरा मोठाच. मैनाबाईंनी दातांखाली ओठ धरला आणि पुढची वीतभर शिवण उसवली.

तेवढ्यात परीक्षक बाई लाल फीत आणि फोटोवाल्याला घेऊन आल्या. रिकामी दोरी बघून दचकल्या, मग त्यांची नजर खाली गेली.

“अहो, हे काय! पहिला नंबर दिलाय आम्ही या गोधडीला!”

“थांबा हो जरा,” मैनाबाई खेकसल्या. “शिवून तर होऊ द्या.”