मामाचं खरं लग्न

मोजपट्टी खटकन मिटली आणि घर दचकलं. पडद्यांसाठी खिडक्या मोजणारा ताईचा भाऊ एकेकाळी सिनेमातला हिरो होता. आपलं एका पुरुषावर प्रेम आहे हे त्याने उघड सांगितलं आणि कामं आटली. आता घरं सजवण्यात त्याचं नाव गाजतंय, म्हणून बाबांनी इतक्या वर्षांनी त्याला घर सजवायला बोलावलं.

"बाबा, त्याचा नवरा खाली गाडीत बसलाय. वर बोलावू?" ताईने विचारलं.

"पडद्यांचं चाललंय ना? मग पडद्यांचंच बोल!"

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात लेक तिच्या कानाशी लागली.

"आई, टीव्हीवर सिनेमात मामाचं खोटं लग्न लागलं की आजोबा डोळे पुसतात. मग खऱ्या लग्नाला का नाही गेले?"